मर्ज आणि रिबेस: गिटच्या दोन साधनांचे परीक्षण

एकाच प्रकल्पावर दोघे जण दोन ब्रँचवर, म्हणजे कोडच्या दोन समांतर शाखांवर, काम करतात आणि ते काम एका जागी आणायची वेळ येते, तेव्हा गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारी प्रणाली, दोन साधने पुढे करते: मर्ज आणि रिबेस. ही दोन्ही साधने मी अनेक वर्षे रोजच्या कामात वापरत आले आहे. रिबेसला हात लावायचा नाही असा दंडक असलेल्या टीममध्ये मी काम केले आहे आणि मुख्य ब्रँचवर एकही मर्ज कमिट दिसता कामा नये असा आग्रह धरणाऱ्या टीममध्येही केले आहे. आपल्या पद्धतीच्या बाजूने दोन्हीकडे सांगितले जाणारे मुख्य कारण मात्र एकच होते: इतिहास वाचायला सोपा राहतो. माझ्या मते ही कसोटी अपुरी आहे. कमिट म्हणजे इतिहासात केलेली कोडच्या एका अवस्थेची नोंद, आणि ती एक साक्ष असते. कोड अमुक क्षणी अमुक अवस्थेत होता, त्या अवस्थेत तो कोणीतरी पाहिला होता आणि बहुधा चालवूनही पाहिला होता, अशी ती साक्ष. काम एकत्र आणल्यानंतर ती साक्ष खरी राहते का, हा प्रश्न मी या परीक्षणात दोन्ही साधनांना विचारणार आहे, कारण सहा महिन्यांनी एखादी चूक शोधायला बसले की इतिहास किती देखणा आहे याने काम भागत नाही, त्यावर विश्वास ठेवता यावा लागतो.

आधी मर्ज. दोन ब्रँच जिथून वेगळ्या झाल्या तो समान पूर्वज गिट शोधून काढते आणि मग तीन अवस्था शेजारी ठेवते: पूर्वजाची, आपल्या ब्रँचची आणि समोरच्या ब्रँचची. एखादा भाग एकाच बाजूने बदललेला असेल तर तो बदल स्वीकारला जातो; दोन्ही बाजूंनी तोच भाग वेगवेगळ्या रीतीने बदललेला असेल तर कॉन्फ्लिक्ट म्हणून तो आपल्यासमोर येतो. सगळे जुळले की दोन पालक, म्हणजे लगेच आधीची दोन कमिट, असलेले एक नवे कमिट तयार होते. आधीच्या कमिटना या सगळ्यात कुठेही धक्का लागत नाही. प्रत्येक कमिटचा हॅश (म्हणजे त्याची ओळखखूण), त्याचा पालक, त्यावरची वेळ आणि कोणी डिजिटल सही केली असेल तर ती सहीसुद्धा जशीच्या तशी राहते. नवी साक्ष एकच दिली जाते, ती म्हणजे ‘या दोन अवस्था मी अशा जुळवल्या’. मुख्य ब्रँच दरम्यानच्या काळात पुढे सरकलीच नसेल तर एवढीही गरज पडत नाही, गिट केवळ ब्रँचची खूण पुढे नेते. यालाच फास्ट-फॉरवर्ड म्हणतात आणि तशा वेळीही मर्ज कमिट हवे असेल तर नो-एफएफ हा पर्याय द्यावा लागतो.

जुळवणी करणारे आतले यंत्र अलीकडे पुष्कळ सुधारले आहे. पूर्वी रिकर्सिव्ह नावाची पद्धत डीफॉल्ट होती. नोव्हेंबर २०२१मध्ये आलेल्या २.३४ या आवृत्तीपासून तिची जागा ऑर्ट या नव्याने लिहिलेल्या पद्धतीने घेतली. एका बाजूने फाइलींची नावे बदललेली आहेत, अख्खे फोल्डर दुसरीकडे हलवलेले आहे आणि दुसऱ्या बाजूने त्याच फाइलींमध्ये जुन्या नावाखाली बदल झालेले आहेत, अशा मर्जमध्ये हा फरक विशेष जाणवतो. कोणतीही सेटिंग न बदलता वापरणाऱ्याच्या पदरात पडलेली ही सुधारणा आहे आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे.

मर्जवरचा नेहमीचा आक्षेप असा की त्यामुळे इतिहासाच्या आलेखात रेघांचा गुंता होतो. हा आक्षेप मी अर्धाच मान्य करते. गुंता बहुतेक वेळा विचारपूर्वक केलेल्या मर्जमुळे होत नाही. दिवसातून चारदा पुल करताना आपोआप पडणाऱ्या मर्ज कमिटमुळे होतो. एखाद्याने आपल्या ब्रँचवर सकाळी दोन कमिट केले, दुपारी सर्व्हरवरचे नवे बदल पुल केले, की ‘मुख्य ब्रँच माझ्या ब्रँचमध्ये आणली’ एवढेच सांगणारे एक कमिट तयार होते आणि त्यात कोणताही निर्णय नसतो. अशी वीस कमिट एका ब्रँचवर पाहिली की माणूस मर्जलाच दोष देऊ लागतो. गिटच्या कर्त्यांनाही ही अडचण उमगली असावी, कारण २०२०मधल्या २.२७ आवृत्तीपासून पुल करताना मर्ज हवे की रिबेस हे ठरवलेले नसेल तर सूचना दिसू लागली आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये तर दोन्ही बाजू वेगळ्या झालेल्या असतील आणि सेटिंग नसेल तर पुल थेट थांबते. उरलेल्या गुंत्यासाठी लॉग, म्हणजे कमिटची यादी, पाहताना फर्स्ट-पॅरेंट हा पर्याय दिला की मुख्य ब्रँचवर कोणकोणती कामे कोणत्या क्रमाने आली एवढेच सरळ रेषेत दिसते आणि त्या कामांच्या आतले तपशील हवे तेव्हा उघडता येतात. नो-एफएफ पद्धतीने मर्ज करणाऱ्या टीममध्ये हा एक पर्याय माहीत असेल तर आलेखाविषयीची निम्मी तक्रार संपते, आणि तरीही तो माहीत नसलेले अनुभवी लोक मला वारंवार भेटले आहेत.

मर्जचे खरे दोष दुसरीकडे आहेत. पहिला म्हणजे मर्ज कमिटमध्ये गुपचूप शिरणारे बदल. कॉन्फ्लिक्ट सोडवताना कोणी दोन्हींपैकी एकाही ब्रँचवर नसलेली ओळ लिहिली, तर ती ओळ केवळ मर्ज कमिटमध्येच राहते आणि लॉग त्या कमिटचा फरक सहसा दाखवत नाही. मी एकदा एका तपासणीची अट कुठे नाहीशी झाली हे शोधण्यात बराच वेळ घालवला होता; प्रत्येक साधे कमिट निर्दोष होते आणि अट उडाली होती ती मर्ज करताना. एप्रिल २०२२च्या २.३६ आवृत्तीत आलेला रीमर्ज-डिफ हा पर्याय नेमका यासाठी आहे: गिट तेच मर्ज स्वतः पुन्हा करून पाहते आणि माणसाने प्रत्यक्षात नोंदवलेल्या निकालाशी त्याची तुलना दाखवते. दुसरा दोष रिव्हर्टचा. मर्ज कमिट उलटवायचे तर कोणता पालक मुख्य धरायचा हे सांगावे लागते, आणि उलटवल्यानंतर तीच ब्रँच दुरुस्त करून पुन्हा मर्ज केली की जुने बदल परत येतच नाहीत, कारण गिटच्या हिशेबी ती कमिट आधीच इतिहासात सामील झालेली असतात. त्यावर उपाय म्हणजे आधी रिव्हर्टचेच रिव्हर्ट करणे, किंवा ब्रँचवरची कमिट रिबेसने नव्या हॅशनिशी पुन्हा तयार करून मग मर्ज करणे. मर्जच्या अडचणीत रिबेस मदतीला येते, असे हे एक ठिकाण आहे.

रिबेसची रीत वेगळी आहे. आपल्या ब्रँचवरची कमिट एकेक करून उचलली जातात आणि मुख्य ब्रँचच्या ताज्या टोकावर पुन्हा लावली जातात. ‘हलवली जातात’ असे बोलण्यात येते, पण ते बरोबर नाही. कमिटचा हॅश हा त्यातल्या कोडच्या अवस्थेवर, लेखकावर, वेळेवर, संदेशावर आणि पालकाच्या हॅशवर मिळून ठरतो. पालक बदलला की हॅश बदलतो आणि एका कमिटचा हॅश बदलला की त्यापुढच्या सगळ्यांचा बदलतो. म्हणजे रिबेसनंतर ब्रँचवर दिसणारी कमिट ही पूर्णपणे नवी असतात, जुन्यांशी त्यांचे नाते फक्त संदेशाचे आणि बदलाच्या आशयाचे. त्यात लेखकाची वेळ जुनीच ठेवली जाते आणि कमिट करणाऱ्याची वेळ नवी पडते; लॉग सहसा लेखकाची वेळ दाखवत असल्यामुळे मंगळवारी लिहिलेले कमिट मंगळवारचेच दिसते, जरी त्यातला कोड त्या अवस्थेत शुक्रवारी पहिल्यांदा अस्तित्वात आला असला तरी. आधीची डिजिटल सही नव्या कमिटवर येत नाही, ती पुन्हा करावी लागते. या दोन्ही गोष्टी तांत्रिक बारकावे म्हणून सोडून दिल्या जातात, पण साक्षीच्या कसोटीवर त्या मध्यवर्ती आहेत.

रिबेसचे सर्वांत मौल्यवान रूप म्हणजे इंटरॅक्टिव्ह रिबेस, आणि त्याची स्तुती मी हात राखून करणार नाही. काम करताना माणूस ज्या क्रमाने चाचपडतो तो क्रम वाचणाऱ्यासाठी कधीच योग्य नसतो: आधी अर्धवट बदल, मग टायपिंगची दुरुस्ती, मग विसरलेली फाइल, मग आधीच्याच बदलातली चूक. इंटरॅक्टिव्ह रिबेसमध्ये या कमिटची यादी एका संपादकात उघडते आणि तिथे क्रम बदलता येतो, दोन कमिट एकत्र करता येतात, एकाचे दोन करता येतात, संदेश सुधारता येतो, नको ते वगळता येते. काम करतानाच फिक्सअप कमिट, म्हणजे आधीच्या कमिटमधली चूक सुधारणारी कमिट, केली असतील तर ऑटोस्क्वॉश ती आपोआप योग्य जागी नेऊन बसवते. रिव्ह्यू करणाऱ्याच्या हाती मग तीन सुटसुटीत कमिट येतात: पहिल्यात फक्त नावे बदललेली, दुसऱ्यात रचना बदललेली पण वर्तन तेच, तिसऱ्यात नवे वर्तन. असा रिव्ह्यू निम्म्या वेळात होतो आणि त्यात चुका खरोखर सापडतात. मसुदा दुसऱ्याच्या हाती देण्याआधी नीट लिहून काढणे हे लेखनात जितके स्वाभाविक आहे तितकेच इथेही आहे, आणि ही सोय न वापरणाऱ्या टीममधले रिव्ह्यू मला कायम दमवणारे वाटले आहेत.

आता त्याच साधनाच्या सर्वांत गंभीर उणिवेकडे येते, जिच्याविषयी पुरेसे बोलले जात नाही. समजा, माझ्या ब्रँचवर सहा कमिट आहेत. दुसऱ्या कमिटमध्ये मी एक फंक्शन वापरले आणि पाचव्यात तो सगळा भाग नव्याने लिहिताना त्याचा वापर काढून टाकला. दरम्यान मुख्य ब्रँचवर कोणीतरी त्याच फंक्शनचे नाव बदलले. मी रिबेस करते तेव्हा कॉन्फ्लिक्ट येत नाही, कारण दोघांनी एकच ओळ बदललेली नाही. टोकाच्या कमिटवर सगळ्या चाचण्या हिरव्या होतात, कारण तिथे जुने नाव उरलेलेच नाही. पण दुसरे, तिसरे आणि चौथे ही तीन कमिट आता कंपाइलसुद्धा होत नाहीत. मूळ ब्रँचवर ती तिन्ही व्यवस्थित चालत होती. मी ती चालवून पाहिली होती. रिबेसने तयार केलेल्या या तीन अवस्था जगात कोणीही, कधीही पाहिलेल्या नाहीत आणि तरीही इतिहासात त्या माझ्या नावाने, माझ्या जुन्या तारखेनिशी उभ्या आहेत. मर्ज केले असते तर मूळ सहा कमिट चालत्या अवस्थेतच राहिली असती, आणि न पाहिलेली अवस्था एकच असती, ती म्हणजे मर्ज कमिटची, जिची चाचणी नेमकी झालीच असती.

याची किंमत बायसेक्ट वापरताना मोजावी लागते. बायसेक्ट म्हणजे चांगले माहीत असलेले कमिट आणि बिघडलेले कमिट यांच्यामधला इतिहास दर वेळी निम्मा करत दोषी कमिट शोधणे; एक हजार कमिटमधून सुमारे दहा तपासण्यांत उत्तर मिळते, म्हणून मी ते गिटमधले एक अत्यंत उपयुक्त साधन मानते. पण मधली कमिट चालतच नसतील तर प्रत्येक ठिकाणी ‘हे सोडून द्या’ असे सांगावे लागते आणि शेवटी एका कमिटऐवजी संशयितांची यादी हाती येते. सरळ रेषेतला इतिहास बायसेक्टसाठी उत्तम असतो असे रिबेसचे समर्थक सांगतात, आणि ते तेव्हाच खरे असते जेव्हा त्या रेषेवरचे प्रत्येक कमिट चालून दाखवते. दुसरीकडे मर्जवाल्या इतिहासातही बायसेक्ट आता अडत नाही, कारण २०२०मधल्या २.२९ आवृत्तीपासून त्यालाही फर्स्ट-पॅरेंट पर्याय आहे: आधी कोणत्या मर्जने घोटाळा केला ते शोधायचे आणि मग हवे तर त्या ब्रँचच्या आत शिरायचे.

या उणिवेवर गिटमध्ये उपाय आहे, हे मात्र न्यायाने सांगायला हवे. रिबेसला एक्झेक हा पर्याय देऊन त्यात चाचण्यांची आज्ञा लिहिली की प्रत्येक कमिट लावून झाल्यावर ती आज्ञा चालते आणि ती फसली की रिबेस तिथेच थांबते, जेणेकरून त्याच कमिटमध्ये दुरुस्ती करता येते. मी सर्व चाचण्या चालवत नाही; किमान कंपाइल आणि चटकन होणाऱ्या चाचण्या एवढे चालवते, आणि त्यासाठी लागणारा वेळ मला कधी वाया गेल्यासारखा वाटला नाही. असे तपासून केलेले रिबेस माझ्या कसोटीला पूर्ण उतरते, कारण नव्या साक्षी देण्याआधी त्या खऱ्या आहेत याची खात्री केलेली असते. न तपासता केलेले उतरत नाही. ज्या टीममध्ये सगळे रिबेसच करतात, तिथे एक्झेक वापरणारे किती आहेत हे विचारून पाहावे.

कॉन्फ्लिक्टचा अनुभव दोन्हीकडे वेगळा आहे आणि कोणता बरा हे ब्रँचवर अवलंबून राहते. मर्जमध्ये सगळे कॉन्फ्लिक्ट एकदाच, एका ढिगात येतात. ब्रँच लांबलेली असेल तर तो ढीग भयावह असतो, पण एकदा उपसला की संपतो. रिबेसमध्ये ते कमिटगणिक येतात. प्रत्येक वेळी संदर्भ छोटा असल्यामुळे विचार करणे सोपे जाते, पण एकाच ओळीला पाच कमिटनी हात लावला असेल तर तोच वाद पाच वेळा सोडवावा लागू शकतो. रिरिरी ही सोय चालू ठेवली तर एकदा दिलेले उत्तर गिट लक्षात ठेवते आणि तोच कॉन्फ्लिक्ट पुन्हा आल्यास तेच लावते. ती सुरुवातीपासून चालू का नसते, याचे मला वाईट वाटते. कॉन्फ्लिक्टच्या खुणांमध्ये दोन्ही बाजूंबरोबर पूर्वजाचा मजकूरही दाखवणारी झेडडिफ३ ही शैली २.३५ आवृत्तीत आली, तीही मी प्रत्येकाला लावून घ्यायला सांगते, कारण मूळ ओळ काय होती हे दिसल्याशिवाय कोणी काय बदलले याचा केवळ अंदाज करावा लागतो.

रिबेसमधल्या एका गोष्टीवर मात्र मी ठामपणे नापसंती नोंदवते, आणि ती म्हणजे ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ या नावांची अदलाबदल. मर्ज करताना ‘आवर्स’ म्हणजे आपली ब्रँच असते. रिबेस करताना ‘आवर्स’ म्हणजे ज्या ब्रँचवर कमिट लावली जात आहेत ती, आणि ‘देअर्स’ म्हणजे आपले स्वतःचे कमिट. कारण समजून घेतले तर त्यात तर्क आहे: मार्च २०२०च्या २.२६ आवृत्तीपासून रिबेसही डीफॉल्ट रीतीने मर्जचेच यंत्र वापरते, प्रत्येक कमिट लावणे हे एक छोटे मर्ज असते, त्यात गिट मुख्य ब्रँचच्या टोकावर उभे असते आणि आपले कमिट बाहेरून येणारे ठरते. पण कामाच्या ओघात, संध्याकाळी उशिरा, एखाद्या फाइलसाठी सरसकट ‘आवर्स’ निवडणाऱ्याचे स्वतःचे काम पुसले जाते. इतक्या वर्षांनंतरही मी प्रत्येक वेळी थांबून, मनात बाजू मोजून मगच तो पर्याय वापरते.

इतरांनी घेतलेल्या ब्रँचवर रिबेस करू नये हा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण तो मोडल्यावर नेमके काय होते ते मी अनुभवाने सांगू शकते. एका टीममध्ये तिघे जण एका ब्रँचवर काम करत होतो. मी ती ब्रँच मुख्य ब्रँचवर रिबेस केली आणि फोर्स पुश केली, म्हणजे सर्व्हरवरच्या जुन्या रूपाच्या जागी जबरदस्तीने नवे ठेवले. दुसऱ्याकडे जुनी कमिट होती. त्याने पुल केले तेव्हा गिटला ती जुनी आणि माझी नवी अशी दोन वेगळी कामे दिसली आणि त्यांचे मर्ज झाले. प्रत्येक बदल इतिहासात दोनदा आला, आणि मी जाणूनबुजून वगळलेले एक कमिट जुन्या बाजूने परत आत आले. तिसऱ्या सहकाऱ्याने त्या मिश्रणावर दिवसभर काम केले. ते निस्तरायला आम्हाला पूर्ण दिवस लागला आणि चूक माझी होती: मी दोघांनाही आधी सांगितले नव्हते. तेव्हापासून साधा फोर्स पुश मी वापरत नाही. फोर्स-विथ-लीज हा पर्याय सर्व्हरवरची ब्रँच आपण शेवटची पाहिली त्याच जागी असेल तरच पुश होऊ देतो. त्यातही एक फट आहे, ती म्हणजे संपादक किंवा दुसरे एखादे साधन पार्श्वभूमीला आपोआप फेच करत असेल, म्हणजे सर्व्हरवरची ताजी माहिती आणत असेल, तर आपण न पाहिलेले बदलही ‘पाहिलेले’ धरले जातात. ती बुजवण्यासाठी फोर्स-इफ-इन्क्लूड्स हा पर्याय सोबत द्यावा लागतो. रिव्ह्यू सुरू झाल्यावर ब्रँच रिबेस केली तर रिव्ह्यू करणाऱ्याला आधी पाहिलेले काय आणि नवे काय हे कळेनासे होते, आणि तिथे रेंज-डिफ ही आज्ञा कमिटच्या जुन्या आणि नव्या मालिकांमधला फरक दाखवून मोठी मदत करते.

रिबेस फसले तर काम नष्ट होते अशी भीती नवख्यांना वाटते, ती बहुतांशी अनाठायी आहे. जे कमिट झाले आहे ते सहज जात नाही. रिबेस चालू असताना अबॉर्ट करता येते. संपल्यावर रिफ्लॉगमधून, म्हणजे टोके कुठे कुठे होती याच्या नोंदवहीतून, ब्रँचचे आधीचे टोक शोधून तिथे परतता येते. रिफ्लॉगच्या नोंदी साधारणपणे ९० दिवस आणि कोणत्याही ब्रँचवरून पोहोचता न येणाऱ्या कमिटच्या नोंदी ३० दिवस राखल्या जातात. कमिटच न केलेल्या बदलांना मात्र हे संरक्षण नाही.

स्क्वॉश करून, म्हणजे ब्रँचवरच्या सगळ्या कमिटचे एकच कमिट करून, मर्ज करण्याची तिसरी पद्धत गिटहबसारख्या ठिकाणी एका बटणावर मिळते आणि पुष्कळ टीम तीच सरसकट वापरतात. दोन-तीन ओळींच्या बदलासाठी ती ठीक आहे. पण ज्याने तीन सुटसुटीत कमिट काळजीपूर्वक रचली त्याचे श्रम ती एका क्षणात सपाट करते, आणि एका ब्रँचवर दुसरी ब्रँच रचून काम करणाऱ्याला तर फारच त्रास देते. रिबेस करताना मुख्य ब्रँचवर आधीच आलेला तंतोतंत तोच बदल गिट ओळखून वगळते, पण अनेक कमिटचे एकच कमिट झाल्यावर ही ओळख पटत नाही आणि दुसऱ्या ब्रँचला आपल्याच जुन्या कामाशी कॉन्फ्लिक्ट येऊ लागतात. त्यातून ऑन्टू पर्यायाने सुटका होते, म्हणजे ‘अमुक कमिटनंतरचेच उचल’ असे गिटला स्पष्ट सांगावे लागते. रचलेल्या ब्रँच मर्ज होण्याआधी एकदम रिबेस करायच्या असतील तर ऑक्टोबर २०२२च्या २.३८ आवृत्तीतला अपडेट-रेफ्स पर्याय मधल्या सगळ्या ब्रँचच्या खुणा सोबत हलवतो. हा पर्याय आल्यापासून माझे पुष्कळ हाताने करायचे काम वाचले आहे.

दुसऱ्या प्रणालींनी हा प्रश्न कसा हाताळला ते पाहिले की गिटची एक उणीव ठळक होते. मर्क्युरिअलमध्ये २०१२पासून फेज ही कल्पना आहे: कमिट इतरांपर्यंत पोहोचले की ते ‘पब्लिक’ ठरते आणि त्यानंतर ते पुन्हा लिहू पाहणाऱ्याला प्रणालीच अडवते, न पोहोचलेले ‘ड्राफ्ट’ हवे तसे बदलता येते. एसक्यूलाइट या डेटाबेसचा कोड ज्यात ठेवला जातो त्या फॉसिलने तर रिबेस मुद्दामच दिलेले नाही, झालेली नोंद बदलू नये ही त्यामागची भूमिका. फॉसिलची भूमिका मला फार कडक वाटते, कारण मसुदा नीट करण्याची सोयच ती काढून घेते. मर्क्युरिअलची रेषा मात्र अगदी योग्य जागी आखलेली आहे, आणि गिटने ती रेषा वापरणाऱ्याच्या शिस्तीवर सोडली आहे.

ती शिस्त पाळून दोन्ही साधने एकत्र वापरता येतात याचा सर्वांत चांगला पुरावा गिटच्या स्वतःच्या प्रकल्पात आहे. तिथे काम पाठवणारे लोक आपली कमिट-मालिका रिव्ह्यूनुसार पुन्हा पुन्हा लिहून नव्या रूपात पाठवतात, म्हणजे रिबेस करतात. ‘सीन’ नावाची प्रयोगाची ब्रँच वारंवार नव्याने उभारली जाते आणि तसे होणार हे सर्वांना आधीच माहीत असते. पक्के झालेले काम ‘मास्टर’वर मात्र मर्जने येते आणि ‘मास्टर’ कधी मागे घेतली जात नाही. लिनक्स कर्नलमध्येही वेगवेगळ्या विभागांचे काम मर्जनेच वर जाते, आणि इतरांनी आधार म्हणून घेतलेली ब्रँच रिबेस करू नये तसेच कारणाशिवाय वरची ब्रँच खाली मर्ज करू नये, असे दोन्ही बाजूंचे मार्गदर्शन त्याच्या दस्तऐवजात दिलेले आहे.

म्हणून माझी निवड ब्रँच कोणाची आहे आणि तिच्यावर कोणाचे काम उभे आहे यावर ठरते. ब्रँच एकटीची असेल आणि अजून रिव्ह्यूला गेलेली नसेल तर मी दररोज रिबेस करते, एक्झेकने तपासते आणि कमिट वाचनीय करते. रिव्ह्यू सुरू झाला की नवी कमिट केवळ शेवटी जोडते आणि मंजुरीनंतर, रिव्ह्यू करणाऱ्याला सांगून, एकदाच ऑटोस्क्वॉश करते. मुख्य ब्रँचमध्ये जाताना नो-एफएफ मर्ज करते आणि मर्जच्या संदेशात ते काम का केले हे चार ओळींत लिहिते, कारण तो संदेश फर्स्ट-पॅरेंट लॉगमध्ये पुढे अनेकांच्या वाचनात येतो. दोघांपेक्षा अधिक जण वापरत असलेल्या दीर्घ ब्रँचवर फक्त मर्ज. तिच्यात आतली मर्ज कमिट असतील तर साधे रिबेस ती काढून टाकून सगळे एका रेषेत आणते आणि त्या मर्जमध्ये सोडवलेले कॉन्फ्लिक्ट पुन्हा समोर उभे राहतात, हे विसरून चालत नाही. रिबेस-मर्जेस हा पर्याय त्यांची रचना राखतो, पण हाताने सोडवलेली उत्तरे तोही पुन्हा मागू शकतो.

नव्या सहकाऱ्याच्या संगणकावर गिट लावून देताना मी चार सेटिंग सोबत बसून करून देते: पुल फक्त फास्ट-फॉरवर्ड होत असेल तरच व्हावे, रिरिरी चालू असावे, कॉन्फ्लिक्टची शैली झेडडिफ३ असावी आणि रिबेसला ऑटोस्क्वॉश डीफॉल्ट असावे. पहिल्या सेटिंगमुळे पुल थांबते तेव्हा तो विचारायला येतो, आणि मग दोन्ही ब्रँचचा आलेख स्क्रीनवर उघडून, यातली कोणती कमिट आणखी कोणाकडे गेलेली आहेत एवढे त्याच्याकडून शोधून घेतले की मर्ज करायचे की रिबेस हे तो स्वतःच सांगतो.